शब्द मोजताना मराठीही मोजा

दोन वर्षांच्या तपासणीला डॉक्टर हमखास विचारतात, "किती शब्द बोलतो?" आणि आईबाबा घाईघाईत इंग्रजी तेवढे मोजून सांगतात: बॉल, मोअर, नो, बाय. भूभू, माऊ, मंमं, भूर, संपलं हे सगळे घरीच राहतात.

तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस फ्रिजवर एक कागद लावा. मुलाने आपणहून, त्याच अर्थाने, दोन-तीन वेगवेगळ्या वेळी वापरलेला शब्द त्यावर लिहायचा. उच्चार बोबडा असला तरी चालेल. पाण्याला दर वेळी 'पापी' म्हणत असेल तर तो शब्दच. गाईला 'हम्मा' हाही शब्दच. "म्हण बरं, हत्ती" म्हटल्यावर निघालेला 'अत्ती' मात्र धरू नका. 'दूदू' आणि 'मिल्क' दोन्ही येत असतील तर दोन मोजा. डे केअरच्या ताईंकडूनही यादी घ्या. 'आऊटसाइड' तुमच्या कानावर कधीच पडलेला नसतो.

दोन शब्दांची जोडी ओळखणं जरा अवघड. "दूदू दे" म्हणणारं मूल "बॉल दे"ही म्हणायला लागलं की जोडी खरी. "काय झालं" नुसतं एकगठ्ठा पाठ असेल तर तो एकच शब्द. "मोअर पोळी" ही जोडी चालते. दोन भाषांची सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे, आणि दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं हेही खरं नाही. "घरी फक्त इंग्रजी बोला" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2022 मध्ये सुधारलेल्या, मुलांच्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीत 18 महिन्यांना मामा-दादा (म्हणजे इंग्रजीतले आई-बाबा) सोडून तीन शब्द बोलायचा प्रयत्न, 24 महिन्यांना दोन शब्दांची जोडी आणि 30 महिन्यांना सुमारे 50 शब्द अशा पायऱ्या आहेत. निदान 75 टक्के मुलांना त्या वयात जमतं, तेच या यादीत आहे. म्हणून पायरी चुकली तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका, विचारा.

शब्दांइतकंच बोटाकडे लक्ष ठेवा. 15 महिन्यांच्या आसपास मूल हवं ते बोटाने मागतं. 18 महिन्यांच्या सुमारास विमान दिसलं की नुसतं दाखवायला म्हणून बोट करतं आणि वळून तुमच्याकडे बघतं. हे दाखवणंच नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर यादी पूर्ण व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

ळ, ण, र उशिरा येतात, त्याची काळजी नको. मूल "बाल ललतंय" म्हणालं तर "नीट म्हण" म्हणू नका. "हो, बाळ रडतंय" एवढं म्हणून पुढे जा. योग्य उच्चार कानावर पडला, बस्स.

"हे काय? ते काय?" अशी परीक्षा घेतली की मूल गप्प बसतं. दूध आणि पाणी दोन्ही हातांत धरा, "दूध हवं की पाणी?" विचारा आणि पाच-सहा सेकंद गप्प राहा. बहुतेक जण दुसऱ्याच सेकंदाला उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. व्हिडिओ कॉलवर आजी "बोल ना, बोल" म्हणते आणि नातवंड सोफ्यामागे लपतं. आजीला 'इथे इथे बस रे मोरा' करायला सांगा. तळहात तुम्ही धरा.

शंका असेल तर आधी कानांची तपासणी करून घ्या. सर्दीनंतर कानात पाणी साठून राहिलं की बोलणं मागे पडू शकतं, आणि ते वरवर बघून कळत नाही. अमेरिकेत असाल तर 3 वर्षांच्या आत 'अर्ली इंटरव्हेन्शन'ला (वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना मदत करणारी सरकारी सेवा) तुम्ही स्वतःच फोन करू शकता, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि मूल्यमापन मोफत असतं. फोनवरच सांगा की घरात मराठी बोलतो, दुभाषी हवा. आणि जाताना फ्रिजवरचा तो कागद घेऊन जा.