घर बंद असूनही सरासरीचं वीजबिल आलंय, भरावं का?

दोन महिने घर बंद होतं तरी बिल नेहमीएवढंच आलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी मीटरपाशी जा आणि बिलावरचं चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. डिजिटल मीटरवर आकडे आळीपाळीने दिसतात, त्यातला केडब्ल्यूएचचाच (kWh, म्हणजे वापरलेल्या युनिटचा) घ्या. तो बिलापेक्षा कमी असेल तर युनिट अंदाजाने टाकलेत. लगेच तारखेसह फोटो काढा. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर तक्रार नोंदवा, शिवाय उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. नुसत्या तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

रागाने बिल थकवू मात्र नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून अर्जात कलमाचा उल्लेख करा.

कधी उलटंही होतं: कमी अंदाजाची बिलं येत राहतात आणि मग एकदम मोठा आकडा. तेव्हा युनिट त्या सगळ्या महिन्यांत विभागून स्लॅबचा, म्हणजे कमी युनिटांना लागणाऱ्या कमी दराचा, फायदा मागा.