वाचक विचारतात: बाळाचे तळवे पिवळे झालेत, गाजरामुळे का?

प्रश्न: माझी मुलगी 10 महिन्यांची आहे, रोज गाजर नाहीतर लाल भोपळ्याची प्युरी आवडीने खाते. आता तळहात, तळपाय, नाक पिवळट दिसतंय. सासूबाई म्हणतात कावीळ असेल, मला झोप नाही.

उत्तर: ताई, आधी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. तो पांढराशुभ्र असेल तर बहुतेक हा गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटीन या नारिंगी रंगद्रव्याचा रंग आहे, तो कातडीत साठतो पण डोळ्यांत उतरत नाही, काविळीत मात्र डोळे पिवळे होतात. तसं दिसलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टर, थांबू नका. तरी एकदा दाखवून घ्याच.

गाजर बंद नाही करायचं हं, फक्त रोज नको. शरीर कॅरोटीनपासून गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं त्यामुळे विषबाधा होत नाही, रंग काही आठवड्यांत, कधी महिन्यांत जातो. रंग उतरला की मधेमधे मऊ शिजवलेली मेथी, शेवग्याचा पाला द्या, त्यातही भरपूर कॅरोटीन असतं, हिरव्या रंगाखाली झाकलेलं, आणि वर थोडं तूप घाला कारण स्निग्धाशिवाय ते नीट शोषलं जात नाही.