आधी तारीख, मग दर

प्रिय बाळ,

तुझा हिशेब दोनदा वाचला. हाताशी सहा लाख, तीन वर्षांनी नागपुरात बेसाकडे प्लॉट घ्यायचा, आणि निवड काय, तर ४० वर्षांचा सरकारी रोखा, म्हणजे सरकारला ४० वर्षांसाठी दिलेलं कर्ज! का, तर यादीत त्याचा दर वर दिसला. पैसा कोणत्या महिन्यात लागणार ते आधी लिही. दर मागून बघ.

सरकार बुडवणार नाही, कबूल. पण शंभराचे शंभर देण्याचं वचन मुदतपूर्तीच्या दिवसाचं आहे. मध्येच विकशील तर बाजार देईल तो भाव. सात टक्क्यांचा, शंभराला घेतलेला रोखा धर. बाजारातला दर आठवर गेला की सातवाला कोणी पूर्ण भावाला घेत नाही: १० वर्षं उरलेल्या रोख्याचा भाव ९३ च्या आसपास येतो, ४० वर्षंवाल्याचा ८८ वर. तीन वर्षांचा रोखा ९७ वर येईल, आणि तो मुदतीपर्यंत ठेवणाऱ्याला तेही सोसावं लागत नाही. म्हणून तारीख आधी.

साल रोख्याच्या नावातच असतं: '७.१० टक्के जीएस २०३४' (जीएस म्हणजे सरकारी रोखा). ७.१० हे दर्शनी किमतीवरचं, म्हणजे छापील शंभरावरचं व्याज, सहामाही मिळणारं. तोच रोखा १०३ ला घेतलास तर शेवटी हाती १०० च येतील. तेव्हा यील्ड बघ, म्हणजे मोजलेल्या भावावर मुदतीपर्यंत पडणारा खरा परतावा. खरेदीत मागच्या हप्त्यापासून साचलेलं व्याज वर मोजावं लागतं, ते पुढच्या हप्त्यात वसूल होतं. घाबरू नको.

खातं रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर ऑनलाइन, फुकट उघडतं. संविधान चौकातल्या बँकेच्या कचेरीत खेटे नकोत. किमान १०,०००, पुढे त्याच पटीत. नव्या रोख्यांच्या लिलावात बिगरस्पर्धात्मक बोली लाव, म्हणजे भाव सांगावा लागत नाही. वर्षाच्या आत लागणारा पैसा ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेव. हव्या सालाचा रोखा लिलावात नसेल तर दुय्यम बाजारात, म्हणजे जुने रोखे विकले जातात तिथे शोध. तिथे छोट्या रकमेला, विशेषतः विकताना, धड भाव मिळेलच असं नाही. विकायची वेळच येऊ देऊ नको!

फ्लोटिंग रेट (बदलत्या दराचे) सरकारी बचत रोखे एनएससीपेक्षा, म्हणजे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्का जास्त देतात, पण सात वर्षं अडकवतात, आणि साठीच्या आतल्यांना मुदतीआधी सुटका नाही. तुझ्या प्लॉटले ते कायले? व्याजावर कर स्लॅबप्रमाणे लागतो, तेव्हा एफडीशी तुलना करताना दोन्हीकडून कर वजा कर.

जास्तीचा दर सोडायला सांगतो म्हणून मी भित्रा वाटत असेन. वाटू दे. रजिस्ट्रीच्या दिवशी प्लॉटवाला रोख्याचा भाव पडला म्हणून थांबत नाही. त्या रजिस्ट्रीचा महिना कळव. त्याआधी संपणारे दोन-तीन रोखे बघून ठेवतो.