बागेचे कर्ज मुलाच्या गुणपत्रिकेवर टाकू नका

पत्राचा आशय: जालना तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार वडिलांचे हे पत्र आहे. घरी तीन एकर बाग आणि एक शेततळे आहे. मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण असून लातूरला राहून त्याने दोनदा नीट दिली. 720 पैकी पहिल्या वेळी 318 आणि यंदा 347 गुण मिळाले. वडिलांना त्याने तिसऱ्यांदा परीक्षेला बसावे असे वाटते, तर मुलाला द्राक्ष आणि वाइन यांविषयीचे शिक्षण घ्यायचे आहे. 'चार महिन्यांच्या हंगामावर कोणी आयुष्य उभे करते काय, आणि माळकरी घरातल्या मुलाने वाइनच्या कारखान्यात जावे काय?' असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र काळजीपूर्वक वाचले. त्यातील गुणांनी मी फारसा अस्वस्थ झालो नाही. मला अस्वस्थ केले ते तिसऱ्या पानावरील एका वाक्याने. 'यंदाचा बागेचा सगळा पैसा तुझ्यावर लावला आहे, याची दर रविवारी फोनवर त्याला आठवण करून देतो,' असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्यात आपले काही चुकते आहे असे तुम्हाला वाटलेले दिसत नाही. बागेवर पीककर्ज तुम्ही घेतले, फुलोऱ्यात पाऊस पडून घड गळाले ते निसर्गामुळे, आणि शिकवणीचे शुल्क भरण्याचा निर्णयही तुमचाच होता. या तिन्हींचा हिशेब एकोणीस वर्षांच्या मुलाकडे दर आठवड्याला मागितला जात असेल, तर भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडताना त्याच्यासमोर गणिते नसतात, घरची थकबाकी असते. असा फोन आल्यानंतर तो त्या दिवशी किती अभ्यास करतो, हे त्याला एकदा विचारून पाहा.

याच पत्रात तुम्ही असेही लिहिता की दसऱ्यानंतर गावातील टोळ्या ऊसतोडीला निघून जातात, ऐन गोडी छाटणीत (ऑक्टोबरमधील, फळासाठीच्या छाटणीत) मजूर मिळत नाहीत, म्हणून दोन्ही वर्षी त्याला पंधरा-पंधरा दिवस घरी बोलावून घेतले. म्हणजे बागेला त्याची गरज पडली तेव्हा तो शेतकरी, आणि त्याने बागेविषयी शिकायचे म्हटले तेव्हा मात्र तो डॉक्टर व्हायला हवा. त्यानेच पेस्टिंग केलेल्या (छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काडीला औषध लावलेल्या) ओळी एकसारख्या फुटल्या, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. 'तिथे बरोबर लक्ष लागते' असा तुमचा शेरा आहे. मला मात्र संपूर्ण पत्रातील सर्वांत आशादायक मजकूर तोच वाटला. (त्याला हातमोजे दिले होते ना? पेस्टिंगचे हायड्रोजन सायनामाइड कातडीला इजा करते, आणि आपल्याकडे अजूनही ते उघड्या हातांनी लावताना दिसते.)

आता तुमच्या 'चार महिन्यांच्या हंगामा'विषयी. हा समज द्राक्ष न लावणाऱ्या माणसाचा असता तर मी समजू शकलो असतो. तुम्ही स्वतः बागायतदार असून तो बाळगता, याचे आश्चर्य वाटते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाल्यावर डोळे फुटतात, मग विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), केवडा आणि भुरी या बुरशीरोगांच्या मागे फवारण्या, आणि साधारण चार महिन्यांनी काढणी. व्यापारी आणि पैसा याच काळात दिसतो, म्हणून हंगाम तेवढाच वाटतो. परंतु त्या घडाचा पाया एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या (नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतरच्या) पहिल्या दोन महिन्यांतच घातला जातो. त्या दिवसांत, जेव्हा आपल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि शेततळ्याचा तळ दिसू लागतो, तेव्हा नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते; सबकेन (काडीचा शेंडा खुडून उपकाडी काढणे) वेळेवर केली नाही, कॅनॉपीत म्हणजे पानांच्या विस्तारात ऊन शिरले नाही, नत्र जास्त झाले किंवा पाण्याचा ताण चुकला, तर ऑक्टोबरनंतर फुटी जोमदार निघतात आणि घड मात्र जिरतात, मग कितीही महागडे औषध मारले तरी गेलेला घड परत येत नाही. पावसाळ्यात काडी पक्व करणे, करपा आवरणे, छाटणीआधी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून किती डोळ्यांवर कात्री लावायची ते ठरवणे, हेही कामच आहे. तुमच्या तालुक्यातील कडवंची गाव पाहा. 1996 पासून कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पाणलोटाचे काम झाले, त्यामागून शेततळी आली, आणि 2012 च्या दुष्काळातही तेथील बागा तगल्या. जानेवारी ते मार्च या काढणीच्या काळापुरता विचार करणाऱ्यांना हे जमले नसते. बारा महिन्यांचे हे शास्त्र समजणारा माणूस आपल्या भागात कमी आहे. बहुतेक बागायतदार औषध दुकानदाराच्या सल्ल्यावर चालतात, आणि दुकानदाराचा सल्ला बहुधा एखाद्या बाटलीपाशीच संपतो.

मुलालाही काही सांगायचे आहे, आणि ते त्याला आवडेलच असे नाही. वाइनचे आकर्षण त्याने काही काळ बाजूला ठेवावे. आपल्याकडची बाग ही खाण्याच्या द्राक्षाची आहे; थॉमसन, माणिक चमन, सोनाका यांचा मणी लांब, पातळ सालीचा आणि बिनबियांचा हवा असतो, तर वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे असते, त्याला जी.ए. (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देऊन मणी फुगवत नाहीत, उलट साखर आणि आम्लता यांचा तोल पाहून काढणीचा दिवस ठरवतात. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 मध्ये आले आणि वाइन पार्क उभे राहिले ते नाशिककडे विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला. कारखान्यांत काढणीच्या दिवसांत माणसे लागतात, परंतु प्रत्यक्ष वाइन घडवणाऱ्या तज्ज्ञाच्या जागा मोजक्याच असतात, आणि त्यासाठी रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांची पक्की तयारी लागते. नुसत्या नावावर भाळून एखाद्या खासगी संस्थेच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी पैसे भरू नयेत. आधी पदवी घ्यावी. मधल्या एखाद्या वर्षी जानेवारीत नाशिककडच्या कारखान्यात हंगामी काम करून पाहावे आणि नंतर ठरवावे.

माळकरी घराचा तुमचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण तो खरा आक्षेप असेल, तर मुलाला तसा स्पष्ट सांगा. गुणांच्या आणि हंगामाच्या आड लपवू नका. वेलीचा, मातीचा, रोगांचा आणि काढणीनंतरच्या शीतगृहाचा अभ्यास करणाऱ्याला बाटलीला हातही लावावा लागत नाही, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक असलेले बरे.

परीक्षांचे थोडक्यात: एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे 81 पर्सेंटाइल तुम्ही कंसात लिहून सोडून दिले आहेत, त्यावर कृषी किंवा उद्यानविद्या पदवीच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत अर्ज करता येतो, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही आहे. शासकीय जागा मिळेलच असे नाही. खासगी महाविद्यालय घेण्यापूर्वी तेथे प्रक्षेत्र (महाविद्यालयाची स्वतःची शेती) किती आहे आणि मुले प्रत्यक्ष त्यावर उतरतात काय, हे स्वतः जाऊन पाहा.

नीटच्या तिसऱ्या वर्षाच्या मी विरोधात आहे. 29 गुणांची वाढ एका पूर्ण वर्षाच्या बदल्यात मिळाली आहे आणि मुलाची इच्छा त्यात नाही. या दोन गोष्टी एकत्र असताना तिसऱ्या वर्षाची शिफारस करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. शिकवणीचा पुढचा हप्ता भरू नका, आणि आगाऊ भरलेली रक्कम असेल तर ती परत मिळण्यासाठी लेखी अर्ज द्या.

चार पानांच्या पत्रात मुलाचे स्वतःचे म्हणणे एका ओळीत आले आहे, आणि तीही तुमच्या शब्दांत. म्हणून पुढचे पत्र त्याने लिहावे, आणि पोस्टात टाकण्यापूर्वी तुम्ही ते वाचू नये. सोबत त्याने गेल्या खरड छाटणीपासूनची बागेची नोंदवही पाठवावी: छाटणीची तारीख, सबकेन कधी केली, फवारणी कोणती आणि का, पाणी किती. वही नसेल तर आजपासून सुरू करावी. प्रवेश अर्जाची मुदत मात्र त्या पत्रासाठी थांबणार नाही, तेव्हा जातीचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रीमीलेअर यांतील जे तुम्हाला लागू असेल त्यासाठी तहसील कार्यालयात या आठवड्यातच जाऊन या.