झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

प्रश्न : सर, मेव्हण्याच्या ओळखीतला एक जण दुबईहून आणलेलं रोलेक्स सबमरिनर विकतोय, ११६६१० मॉडेल, बॉक्स आणि वॉरंटी कार्ड दोन्ही आहे, अडीच लाख म्हणतोय. हातात घेतलं तर चांगलं जड लागतं, सेकंदकाटा पण एकदम स्मूथ फिरतो. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा, आधी टोकनसुद्धा देऊ नका! वजन, स्मूथ काटा, बॉक्स, कार्ड, हे सगळं आजकाल फर्स्ट कॉपीवाले आरामात देतात. कार्डावरचा नंबर घड्याळाशी जुळला तरी दोन्हीकडे एकच नंबर छापलाय एवढंच कळतं. आणि अडीच लाखात हे मॉडेल सेकंडहॅण्डमध्येही मिळत नाही हो, शंका तिथेच यायला पाहिजे.

स्मूथ काट्याचं म्हणाल तर असली मशीन तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला आठ बारीक उड्या, आणि चांगल्या कॉपीचीही तेवढेच देते. काटा सेकंदाला एकच उडी मारत असेल तर मात्र विषय संपला, सबमरिनर क्वार्ट्झमध्ये, म्हणजे सेलवर चालणारं, कधी आलंच नाही. मागून काचेतून मशीन दिसत असेल तरी तेच, या मॉडेलचं मागचं झाकण साधं, बंद स्टीलचं असतं.

घरी करण्यासारखी एक टेस्ट सांगतो. बाजूच्या चावीने काटे रात्रीच्या अकरावर आणा आणि हळूहळू पुढे न्या. असलीत बाराच्या सुमारास तारीख खट्कन एका झटक्यात बदलते, स्वस्त कॉपीत ती आधीपासूनच सरकायला लागते आणि खिडकीत दोन अर्धे अर्धे आकडे दिसतात. मग भिंग घेऊन काचेवर सहाच्या खाली बघा, लेझरने कोरलेला रोलेक्सचा इवलासा मुकुट असतो, तो नुसत्या डोळ्यांना ठळक दिसला तर गडबड आहे.

पण यात पास झालं म्हणजे असली, असं अजिबात समजू नका. रोलेक्सची कामं करणाऱ्या चांगल्या घड्याळजीकडे विकणाऱ्याला सोबत घेऊन जा आणि झाकण उघडायला लावा, त्याला दातेरी चावी लागते, कुठल्याही पान्याने खरवडू देऊ नका. आत ३१३५ मशीन पाहिजे, निळी हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक स्प्रिंग), आणि बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, पूल (वरची पट्टी) दोन्ही बाजूंनी स्क्रूने बसवलेला. घड्याळ स्लो-फास्ट करायची छोटी दांडी तिथे दिसली तर ते रोलेक्स नाही, कारण असलीत ते काम बॅलन्सच्या चाकावरच्या बारीक नटांनी होतं. झाकण परत लावल्यावर पाण्याची प्रेशर टेस्ट नक्की करून घ्या. आणि विकणारा उघडायला नाहीच म्हणाला तर सरळ नमस्कार करून घरी या.

प्रश्न : ऑनलाइन जुनं ओमेगा बघतेय, डायल अगदी नव्यासारखी चकचकीत आहे, मशीन ओरिजिनल म्हणतात. चालेल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साठ वर्षांचं घड्याळ आणि डायल कोरी करकरीत, म्हणजे बहुतेक रंगवलेली. आपल्या मुंबईतून अशी घड्याळं इतकी जातात की बाहेरचे शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’च म्हणतात. मशीन खरी, बाकीचे पार्ट इकडून तिकडून जमवलेले, याने मोठमोठे फसलेत. २०२१ साली जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, घेतलं खुद्द ओमेगाच्या म्युझियमने, आणि २०२३ मध्ये कळलं की ते जोडकाम होतं! तुम्ही डायलचा क्लोजअप मागा, अक्षरं जाडी किंवा वाकडी आहेत का बघा, मग झाकणाच्या आतला नंबर आणि मशीनचा नंबर, दोन्हीचे फोटो मागा. तेवढे फोटो आल्याशिवाय भावाचं बोलूच नका.