कोटोपॅक्सीजवळच्या फोटोतला जांभळ्या डोक्याचा पक्षी कोणता? हमिंगबर्ड बर्फाशेजारी राहतो का?

तुमच्या मित्राने इक्वेडोरमध्ये कोटोपॅक्सी ज्वालामुखीच्या उतारावर जांभळ्या डोक्याच्या चिमुकल्या पक्ष्याचा फोटो काढला. हमिंगबर्ड तर गरम जंगलातले, मग हा तिथे कसा, असं तुम्ही विचारलंय. तो हमिंगबर्डच आहे: इक्वेडोरियन हिलस्टारचा नर.

डोकं आणि गळा चमकदार जांभळा, त्याखाली काळी पट्टी, मग पांढरंशुभ्र पोट आणि पोटाच्या मधोमध उतरणारी काळपट रेघ, ही ओळख पक्की. पाठ मात्र मळकट हिरवट-तपकिरी असते. लांबी १२-१३ सेंमी, वजन जेमतेम ८ ग्रॅम. मादी पाहिली तर ती याच जातीची आहे हे पटकन पटत नाही: वरून फिकी हिरवट, खालून करडी, गळ्यावर बारीक ठिपके. नराचं जांभळंही पिसांवर प्रकाश कसा पडतो त्यावर ठरतं. इक्वेडोरमधल्याच चिंबोराझो या दुसऱ्या ज्वालामुखीच्या उतारावर मी पहिल्यांदा हा पक्षी पाहिला तेव्हा डोकं सरळ काळंच दिसलं. त्याने मान वळवली आणि सगळा गळा एकदम पेटल्यासारखा झाला. वाऱ्याने बोटं बधिर झाली होती, कॅमेरा काढलाच नाही, नुसता बघत राहिलो.

फोटोतल्या गळ्यावर हिरवा रंग नाही असं तुम्ही लिहिलंय. ते महत्त्वाचं आहे. चिंबोराझोवरच्या नरांच्या जांभळ्या गळ्याच्या खालच्या भागात चमकता हिरवा डाग असतो, उत्तरेकडच्या डोंगरांवरच्या नरांना तो नसतो, आणि कोटोपॅक्सी त्यातलाच. म्हणजे याचा गळा नीट दिसला तर पक्षी कुठल्या डोंगरावरचा, याचा अंदाज बांधता येतो. मला या पक्ष्यात सगळ्यात जास्त हेच भावतं.

असं होतं ते याच्या राहण्याच्या जागेमुळे. हा पक्षी इक्वेडोरच्या अँडीजमध्ये आणि कोलंबियाच्या अगदी दक्षिण टोकाला सापडतो, तोही साधारण ३५०० ते ५२०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्या दुपटीच्याही वर याचा मुलूख सुरू होतो. तिथे झाडं संपलेली असतात. उरतो तो पारामो, म्हणजे गवताच्या बुचक्यांचा, धुक्याने ओला राहणारा माळ. नकाशावर डोंगररांग सलग दिसते, पण या पक्ष्याच्या दृष्टीने एकेक उंच ज्वालामुखी म्हणजे बेट आणि मधल्या खोल दऱ्या म्हणजे समुद्र. बेटं वेगळी पडली की रंगही हळूहळू वेगळे होत जातात.

याच घराण्यातला निळ्या गळ्याचा हिलस्टार तर २०१७ सालापर्यंत शास्त्राला माहीतच नव्हता. इक्वेडोरच्या नैऋत्येला सेरो दे आर्कोस भागात तो सापडला आणि २०१८ साली नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. जगात एवढ्याच पट्ट्यात तो आहे, आणि शोध लावणाऱ्यांच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ७५० च्या वर नाही. त्या माळावर लावल्या जाणाऱ्या आगी आणि गुरांची चराई यांचा विचार आला की जीव खालीवर होतो.

आता थंडीचं. हमिंगबर्डला हवेत तरंगत राहणं फार महागात पडतं, आणि इतक्या विरळ हवेत तर आणखीच. म्हणून हिलस्टार मोठ्या, मजबूत पायांनी फुलालाच किंवा शेजारच्या फांदीला धरून बसतो आणि मध पितो, थेट आपल्या शिंजिरासारखा. त्याचं आवडतं झुडूप चुकिरागुआ, नारिंगी काटेरी फुलांचं. ते दिसलं की तिथेच थांबायचं, पक्षी येतोच. घरटं कड्याच्या कपारीत, पाऊस-वारा लागणार नाही अशा जागी. लोकर, शेवाळ, पिसं जमवून ते चांगलं जाडजूड केलेलं असतं.

रात्री अँडीजमधले हे उंचावरचे हमिंगबर्ड चक्क शरीराची शेगडी विझवतात: हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं आणि पहाटे ते पुन्हा तापवून घेतात. पेरू देशात अशा सहा जातींची मोजमापं घेतली गेली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यात ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याचं तापमान ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत उतरलेलं आढळलं, आणि तो पक्षी सकाळी उडून गेला!

मित्राला सांगा, फोटो ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर टाका, पण नेमकी जागा आणि उंचीसकट. आणि गळ्याचा जवळून घेतलेला एखादा फोटो असेल तर तोही.