मित्र गे आहे, त्याला कॅन्सर झालाय, घरी गुहागरला काहीच माहीत नाही. आधार कसा द्यावा?

आधी त्यालाच विचारा, केमोच्या वेळी शेजारी कोण हवंय. तुम्ही लिहिलंय की त्याचा जोडीदार मुंबईत असतो आणि घरचे त्याला नुसता रूम पार्टनर समजतात. मग सगळ्यात जवळचा माणूसच वॉर्डबाहेर ताटकळणार! डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कॅन्सरवर उपचार होतात, घरापासून जवळही आहे. तरी जोडीदाराची सोबत मिळणार असेल तर मी परळचं टाटाच सुचवेन.

डॉक्टरांना किंवा तिथल्या सोशल वर्करला एकांतात सांगता येतं, की निर्णय घेताना जोडीदारालाही बोलवा, त्याचा नंबर फाईलवर लिहा. आपण गे आहोत हे सांगायचं की नाही, ते मात्र मित्रानेच ठरवायचं. तुम्ही परस्पर कुणाकडे बोलू नका, अगदी त्याच्या आईकडेही नाही. वाडीत बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि आजारपणात घर तुटणं फार वाईट.

२०१८ मध्ये कलम ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणून निर्णयात जोडीदार हवा, ही मित्राची इच्छा लेखी असू द्या. बँक खात्यावर जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

शरीरसंबंधांबद्दलच्या शंका तो पटकन विचारणार नाही; डॉक्टर 'बायको' गृहीत धरतात. रात्री जीव घाबरला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. समलिंगी लोकांसाठी काम करणारा मुंबईचा हमसफर ट्रस्टही समुपदेशन करतो. आणि जोडीदाराला अधूनमधून फोन करा, त्याची विचारपूस कुणीच करत नसेल.